टोप ठेवला, अस्तर नेलं

१

चोराला अक्कल नसावी, असं माझं पहिलं मत पडलं.

शेल्फवर जर्मन घोडदळाचा तो टोप जसाच्या तसा होता. शंभराहून जास्त वर्षांचं जुनं पोलाद, पुढे पितळी गरुड, माथ्यावर टोकदार काटा, मागे मानेवर उतरलेलं पत्र्याचं शेपूट. हनुवटीखालचा पट्टासुद्धा, वरून पितळी खवले आणि आतून चामडं, जागच्या जागी लोंबत होता. गेलं होतं ते फक्त आतलं अस्तर. कुण्या घोडेस्वाराच्या घामानं काळं पडलेलं जुनं चामडं! दागिन्यांची पेटी उघडून दागिने ठेवावेत आणि आतली मखमल न्यावी, तसला हा प्रकार.

"प्रीता, तू हात लावलास का गं याला?" उल्हासनं विचारलं. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मी चिडायचं विसरले.

उल्हास माझा नवरा. अमेरिकेतल्या आमच्या या चँडलरमध्ये कुणी गोल्फ खेळतं, कुणी वीकेंडला डोंगर चढतं. माझा नवरा दिवसा कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात इंजिनियर आणि संध्याकाळी जुन्या टोपांच्या अस्तरांचा वेडा. टोपांचा नाही हं, अस्तरांचा! सात वर्षं पुस्तकं वाचून आणि बोटांना भोकं पाडून तो हे काम शिकला. पहिल्यांदाच एका म्युझियमनं त्याच्यावर भरवसा टाकला होता. टोप आमच्या समोरच्या घरातल्या वॉल्टरचा. वय शहाऐंशी, दोन वर्षांपूर्वी बायको गेलेली. त्याच्या आजोबांचा हा टोप त्याच्या मुलीनं म्युझियमला द्यायचं ठरवलं आणि कागदावर वॉल्टरची सही झाली, 'पूर्ण, मूळ अस्तरासह'. अस्तर निसटलं होतं, ते उल्हासनं दोन महिने खपून बुधवारी रात्री परत शिवून बसवलं. शनिवारी दहाला म्युझियमची गाडी येणार होती.

आणि आज गुरुवार, संध्याकाळचे सहा.

"वॉल्टरला काय तोंड दाखवू?" उल्हास म्हणाला. "म्हणतील, मूळ अस्तर यानंच विकलं."

टोपात हात घालून तो आत काहीतरी चाचपत होता. त्यानं हात बाहेर काढला तेव्हा बोटांत दोऱ्याची एक छोटीशी लड होती.

"हा माझाच दोरा आहे," तो म्हणाला. "अख्खाच्या अख्खा."

२

शुक्रवारी सकाळी उल्हासनं म्युझियमच्या बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना दोष. बाई थंडपणे म्हणाल्या की उद्या दहापर्यंत अस्तर मिळालं नाही तर मालकाला आणि पोलिसांना कळवावं लागेल, आणि पुढे त्याला काम देण्याचा प्रश्नच येणार नाही. उल्हासनं रजा टाकली, पडदे ओढून घेतले आणि वॉल्टरच्या घराकडे बघणंसुद्धा टाळलं.

मी सुलेखामावशीला बोलावलं. ती माझ्या आईची धाकटी बहीण, लेकीकडे राहते, आमच्यापासून गाडीनं दहा मिनिटांवर. नागपुरात तिनं तीस वर्षं शिवणक्लास चालवला. कापड हातात घेतलं की शिवणारीचा स्वभाव सांगायची. वर्गातल्या एखादीनं दुसरीकडून ब्लाउज शिवून आणलं तर टाके बघूनच त्या दुसरीचं नाव घेऊन विचारायची, "तिची तब्येत बरी आहे न?"

"पोलिसांसारखं काय शोधून राहिले तुम्ही?" आल्या आल्या तिनं आम्हाला फटकारलं. "कोण कुठं होतं ते नंतर. आधी सांगा, उल्हासराव, हे अस्तर बसवता कसं? पोलादाला काही टाके घालता येत नाहीत."

उल्हासला दोन दिवसांत पहिल्यांदा हुरूप आला. त्यानं टोप उलटा केला. "या टोपाला आतल्या काठानं एक अरुंद चामडी पट्टी रिव्हेट मारून बसवलीय, बघा. अस्तर त्या पट्टीला शिवायचं. कपाळाला लागतो तो भाग सलग, आणि त्याच्या वरच्या बाजूला चामड्याच्या पाकळ्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला भोक, त्यातून दोरी. ओढली की पाकळ्या वर एकत्र येतात, डोकं त्यांच्यावर टेकतं आणि पोलादाला लागत नाही."

"म्हणजे परकराची नाडी."

"अं, हो. तसंच. मी जुन्याच भोकांतून नवा लिननचा दोरा घातला होता, मेण लावून. नवीन भोक एकही पाडलं नाही."

मावशीनं पट्टी भिंगाखाली धरली. मग ती दोऱ्याची लड घेऊन खिडकीपाशी गेली आणि दोरा उजेडात धरला.

"एक भोक फाटलं नाही," ती म्हणाली. "दोरा कुठं कापला नाही. टाका टाका सोडवून, ओढून काढलाय. दीड-दोन तासांचं काम आहे हे. आणि मग त्याची लड वळून ठेवलीय. उल्हासराव, चोर कधी दोरा जपून ठेवतो का?"

"मग कोण ठेवतं?"

"ज्याला ती वस्तू दुखवायची नव्हती तो," मावशी म्हणाली. "बुधवार रात्रीपासून घरात कोण कोण होतं?"

३

घरात होतो आम्ही दोघं, आमची सतरा वर्षांची लेक आन्या, मार्चमध्ये पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई आणि बुधवारी मुक्कामाला असलेला अतुल.

अतुल सांता क्लाराचा, उल्हासचा कॉलेजचा मित्र. त्यालाही टोपांचा नाद. बुधवारी जेवताना तो दहादा म्हणाला होता, "माझा ऑफिसरचा टोप आतून बोडका आहे यार, तुझ्यासारखं अस्तर मिळालं तर काय हवं!" गुरुवारी पहाटे उल्हासनंच त्याला एअरपोर्टला सोडलं. रात्रभर तो होता कामाच्या खोलीशेजारच्या सोफ्यावर. उल्हासनं तोंडानं नाव घेतलं नव्हतं, पण त्याच्या मनात तेच होतं, आणि वीस वर्षांच्या मैत्रीवर असा संशय घ्यावा लागतोय म्हणून तो आतून कुढत होता.

मावशीनं फोन स्पीकरवर घेतला. "अतुलराव, तुमच्या टोपाला अस्तर कसलं लागेल हो?"

"रेशमी, मावशी. ऑफिसरच्या टोपाला वर रेशमाची टोपी आणि कपाळाला चामड्याची पट्टी. पाकळ्यांचं अस्तर साध्या स्वाराचं. ते माझ्यात घातलं तर बघणारे हसतील मला. का हो, काय झालं?"

"काही नाही, ज्ञान वाढवून राहिले." तिनं फोन ठेवला. "सुटला. आणि तसंही, त्याला तुमचा नवा दोरा कशाला जपायचा होता? कात्रीनं कापून मोकळा झाला असता."

उल्हासनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. चोर सापडला नव्हता, तरी त्याला केवढं हायसं वाटलं!

आन्यावर माझा थोडा संशय होता. शाळेच्या नाटकाचे पोशाख तीच बघते. ती खाली आली आणि तिनं दोन्ही हात मावशीच्या नाकासमोर नाचवले. "आर यू सीरियस? विथ दीज नेल्स?" प्रॉमसाठी, म्हणजे शाळेच्या नाचाच्या समारंभासाठी, लावलेली नखं चांगली इंचभर लांब होती. तिला त्या नखांनी सोड्याचा कॅन उघडता येत नव्हता, टाका काय उसवणार!

"आणि मी?" मी गंमत म्हणून विचारलं.

"तू? सहावीत असताना फ्रॉकची हेम ब्लेडनं कापली होतीस. तुझ्यात कुठला आलाय दीड तासाचा धीर?"

भाचीची किंमत ही एवढी. उल्हास हसला, पण लगेच त्याचं हसू मावळलं, कारण यादीत एकच नाव उरलं होतं आणि ते त्याच्या आईचं होतं. आम्ही सगळेच एकदम वळलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"मीच काढलं ते," त्या म्हणाल्या.

४

माझ्या सासूबाईंचं नाव सरला. त्यांना इथे येऊन चँडलरचं ऊन भारी आवडलं. रोज सकाळी मागच्या अंगणात प्लॅस्टिक अंथरून पापड घालायच्या. पुण्यात दिवसभर लागायचा, इथे दीड तासात काम फत्ते. वॉल्टरला तर त्यांनी भाऊच मानलं होतं. त्यांचा हा 'वाल्टरभाऊ' रोज सातला यायचा, प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायचा, पाखरं हाकलायचा. दोघांत एकही सामाईक भाषा नाही, तरी दोघं तासन् तास बोलत असायचे. दुपारी त्या गोधडी शिवायला बसायच्या, सासऱ्यांच्या जुन्या सदऱ्यांची. सासरे गेले त्याला आता चार वर्षं झाली.

"देवघराच्या भिंतीला लागून ते चामडं," सासूबाई म्हणाल्या. त्यांची मान खाली होती. "मला घास जात नव्हता. गुरुवारी सकाळी काढलं आणि कचऱ्यात टाकलं. गाडी येऊन घेऊनसुद्धा गेली. उल्हासचा काही दोष नाही. त्या बाईला सांगा, म्हातारीनं केलं."

उल्हास मटकन खुर्चीत बसला. आईवर ओरडावं की स्वतःवर, हे त्याला कळेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आई, दोन महिने खपलो गं मी." त्या डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या.

मला रडू आलं. गोष्ट पटण्यासारखी होती. आमच्याकडे पूजेच्या वेळी पाहुण्यांचे पट्टे, पाकिटंसुद्धा बाहेर काढून ठेवतात. आणि गुरुवारी कचऱ्याची गाडी खरंच आली होती. म्हणजे अस्तर कायमचं गेलं, आणि उल्हासचं नावही.

सुलेखामावशी मात्र टोपाच्या पट्ट्याशी खेळत बसली होती. खवल्यांची बाजू, मग आतली बाजू, परत खवल्यांची.

"उल्हासराव," ती म्हणाली, "तुमची आई खोटं बोलते."

५

"हे बघा, काय आहे हे?" मावशीनं हनुवटीचा पट्टा उलटा करून धरला.

"चामडं," उल्हास म्हणाला.

"जिला चामड्याचा विटाळ, तिनं हे कसं ठेवलं? नुसतं आकड्याला अडकवलेलं आहे, दोन सेकंदांत निघतं. अस्तर काढायला दीड तास घालवला आणि हे तसंच सोडलं? शिवाय कचऱ्यातच टाकायचं तर कात्री होती की. दोरा सोडवून त्याची लड वळायची कशाला?" तिनं ती लड अंगठा आणि करंगळीत अडकवून दाखवली. आठाच्या आकड्यासारखी ती बरोबर बसली. "अशी लड आपल्या बायका वळतात, स्वेटर उसवताना. म्हणजे काढलं सरलाताईंनीच, पण त्या सांगतात त्या कारणासाठी नाही. आणि टाकलंही नाही."

"मग खोटं का बोलेल ती? माझं नाव जातंय हे तिला दिसतंय!"

"तेच तर. पोटच्या पोराचं नुकसान होत असताना आई गप्प राहिली, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिलाय. प्रीता, गुरुवारचे पापड कुठं आहेत?"

मी डबा आणला. गुरुवारचे पापड करपल्यासारखे वाकडे झाले होते, अर्ध्यांना तडे गेले होते. सासूबाईंचा पापड कधीच असा होत नाही. त्या घड्याळाकडे न बघता नेमक्या वेळी उठतात.

"म्हणजे पापड उन्हात टाकून त्या आत होत्या," मावशी म्हणाली, "आणि पापडांना राखणारा माणूसही त्यांच्याबरोबर आत होता."

ती उठून सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या तिथे नव्हत्या. पलंगावर अर्धी गोधडी पसरलेली होती, सगळी सासऱ्यांच्या सदऱ्यांची, पांढरी, निळी, बारीक रेघांची. कोपऱ्यात एक तुकडा वेगळा होता, पिवळ्या फुलांचा. तो मी आठवड्यापासून बघत होते आणि आन्याचा जुना फ्रॉक असेल असं समजत होते.

"हे कापड तुमच्या घरातलं?" मावशीनं विचारलं.

मी नीट पाहिलं. मऊ, धुऊन धुऊन विटलेलं, कडेला एप्रनची नाडी शिवल्याची खूण. आमच्याकडे एप्रन कुणीच बांधत नाही.

"नाही," मी म्हणाले आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. "मावशी, हे वॉल्टरच्या बायकोचं आहे. रूथचं. ती दारात उभी राहायची तेव्हा हेच असायचं तिच्या अंगात."

"ज्याच्या बायकोचा एप्रन सरलाताईंनी आपल्या नवऱ्याच्या सदऱ्यांशेजारी शिवला," मावशी म्हणाली, "त्यालाच त्यांनी शब्द दिलाय. चला. सरलाताई आत्ता तिथंच गेल्या असतील."

६

वॉल्टरचं दार उघडंच होतं. तो आरामखुर्चीत बसला होता. शेजारी स्टुलावर सासूबाई होत्या. आणि त्याच्या मांडीवर, स्वच्छ टॉवेलवर, ते अस्तर होतं. पाकळ्या मिटलेल्या, नाडी तशीच ओवलेली, कुठे ओरखडा नाही.

दोन दिवस आम्ही ज्याच्यापासून ही चोरी लपवत होतो, त्याच्याच मांडीवर चोरीचा माल!

आधी सासूबाई बोलल्या. सगळं गोधडीवरून सुरू झालं होतं. हे काय, असं वॉल्टरनं खुणेनं विचारलं, तर त्यांनी त्याचा हात धरून एका सदऱ्यावर ठेवला आणि सासऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवलं. माणूस गेला की त्याच्या अंगावरचं कापड टाकायचं नाही, पांघरायचं, एवढं त्याला न बोलता कळलं. दुसऱ्या दिवशी तो रूथचा एप्रन घेऊन आला. आणि गुरुवारी सकाळी त्या पाणी आणायला आत आल्या, तर वॉल्टर कामाच्या खोलीत टोपात हात घालून उभा होता, आणि रडत होता.

"मला कळलं त्याला काय हवंय ते," सासूबाई म्हणाल्या. "त्याचे हात थरथरतात. मी सेफ्टीपिन घेतली आणि बसले उसवायला. तो शेजारी उभा राहून दोरा धरत होता. कुणाला सांगू नको म्हणून त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मी मान हलवली. काचेच्या कपाटात वरचं दिसतं. आतून कोण बघायला बसलंय, असं वाटलं मला."

"अहो सरलाताई," मावशी कळवळून म्हणाली, "जाणकार माणूस पहिल्यांदा आतूनच बघतो!"

वॉल्टरला यातलं अक्षर कळलं नव्हतं. उल्हासनं त्याला हळूहळू सगळं सांगितलं, म्युझियमचा फोन, पोलीस, सगळं. वॉल्टरचा चेहरा पांढरा पडला. तुझ्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मुलगी इतक्या हौसेनं टोप देतेय, तिला नाही म्हणवेना, म्हणून सही केली होती. "लहानपणी आजोबा मला टोप घालायचे. तो नाकापर्यंत यायचा आणि आत त्यांच्या डोक्याचा वास असायचा. गरुड, पितळ, पोलाद, ते सगळं सैन्याचं होतं, उल्हास. आजोबांचं त्यात एवढंच होतं."

मग त्यानं टॉवेलसकट ते अस्तर उचललं आणि उल्हासपुढे धरलं. "घेऊन जा. तुझं नाव जाता कामा नये."

उल्हासनं ते अस्तर घेतलं, पाकळ्यांवरून बोट फिरवलं, आणि आईकडे बघितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दिलं नसतंस," सासूबाई म्हणाल्या. "कागदावर सही झालीय म्हणाला असतास."

उल्हासला खोटं बोलता येत नाही हे मी सांगितलंच आहे. "नसतं दिलं," तो म्हणाला. आणि त्यानं ते अस्तर परत वॉल्टरच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं तिथूनच म्युझियमच्या बाईंना फोन लावला, स्पीकरवर. अस्तर सापडलंय, पण ते येणार नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. मालकानं स्वतःसाठी ठेवून घेतलंय, कागद बदलावा लागेल, हवं असेल तर मी नवीन शिवून देईन, नवीन आहे असं त्यावर स्पष्ट लिहून. बाईंचा आवाज कोरडाच होता. सकाळी हरवलेली वस्तू आता अशी कशी सापडली, आणि यावर आपण विश्वास का ठेवावा, असं त्यांनी विचारलं.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी फोन ओढून घेतला. "हे बघा बाई, मी त्याची आई बोलतेय. मी काढलं ते, माझ्या हातानं. उल्हास, सांग तिला."

उल्हासनं इंग्रजीत सांगितलं.

"ज्याची वस्तू त्याला दिली. चोरी केली नाही. सांग."

तेही त्यानं सांगितलं.

"माझ्या पोरानं जन्मात खोटं केलं नाही. त्याच्या नावाला बट्टा लावू नका. सांग की!"

उल्हासनं नकारार्थी मान हलवली. स्वतःबद्दल हे कसं सांगायचं? मी पुढे झाले, पण माझ्याही आधी वॉल्टर फोनकडे वाकला. मराठीचं एक अक्षर न कळणारा वॉल्टर.

"त्याची आई म्हणतेय, तिचा मुलगा प्रामाणिक आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "मीही तेच म्हणतो."

पलीकडून कागद हलल्याचा आवाज आला. दोन आठवड्यांनी गाडी पाठवते, बाई म्हणाल्या, नवीन अस्तर शिवून ठेवा. टोपाशेजारच्या पाटीवर ते कुणी शिवलं हे लिहावं लागेल. पूर्ण नाव काय, एकेक अक्षर सांगा.

उल्हास आईकडेच बघत राहिला, म्हणून मी सांगितलं.